पाद्र्याच्या चित्रातला उंबर

माणसं म्हातारपणी आठवणी लिहायला बसली की आपण कुठं कुठं छाती काढून उभे राहिलो तेच लिहितात. माझ्याजवळ तसलं काही नाही. मी जन्माचा भित्रा. साप दिसला तर सगळेच पळतात, मी दोरी दिसली तरी आधी पळतो आणि मग मागं वळून बघतो. बायको म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हंतात, त्यो तुमच्या पाठी रोजचाच हाय. आता त्याचं बी ताट वाढत जाते." तर अशा माणसाची ही आठवण आहे, आणि तीही सगळ्यात जास्त भ्यालो त्या दिवसांची.

धंद्यानं मी चितारी. गणपती रंगवायचे, पालख्या रंगवायच्या, लग्नघरी भिंतीवर हत्ती-मोर काढायचे. पोशीरपासून खोपोलीपर्यंत अशी थोडीच देवळं असतील, ज्यांच्या दारांवर माझ्या हातची वेल नाही. आमचं गाव कर्जतपासून दोन कोसांवर. तेव्हा घाटातून पुण्याला गाडी जाऊ लागल्याला वीसेक वर्षं झाली होती. कर्जतला गाडीला मागून इंजिन जोडतात, त्यामुळं तिथं साहेबलोकांची वस्ती झाली होती आणि त्या वस्तीच्या टोकाला त्यांचं एक लहानसं कौलारू देऊळ होतं. माघ महिन्यात तिथल्या पाद्र्याचा शिपाई आमच्या दारात आला. साहेबांना देवळात भिंतभर चित्र काढून हवं होतं.

मला घरी बसता आलं असतं. पण मी शिपायालाही भितो, म्हणून गेलो.

पाद्र्याला मराठी येत होतं. पंतोजीकडून शिकलेलं, म्हणून ते पोथीसारखं यायचं. मी हात जोडून पहिल्यांदा एकच गोष्ट सांगितली, की साहेब, तुमचा देव मी काढणार नाही. झाडं, डोंगर, आभाळ, वाट, एवढं काढतो. पाद्री लगेच म्हणाला, "तथास्तु. मुख आणि हात आमच्या मडम रंगवतील. तू केवळ सृष्टी काढ." इतक्या पटकन कबूल झाला तिथंच मला शंका यायला हवी होती.

घरी बायकोनं डोक्याला हात लावला. आमच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. वैशाखातला मुहूर्त, खालापूरकडचं कुंभिवलीचं घर, माणसं चांगली पण सोवळ्या-ओवळ्याला कडक.

"अवो, बाप पाद्र्याच्या देवळात जातो ह्ये त्यांच्या कानावर गेलं तर? बाटला म्हंतील. मंग पोरीला कोन करून घ्येईल?"

"मी देव काढत नाय गं. झाडं काढतो. झाडाला काय जात असते?"

हे वाक्य मी तिला सांगितलं तेवढंच स्वतःलाही सांगितलं. रोज वाटेनं जाताना घोकत होतो. कारण वाळीत टाकणं म्हणजे काय ते मी लहानपणी पाहिलं होतं. नदीपलीकडच्या एका घराला गावानं वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद, मढं उचलायला चार माणसं नाहीत. त्या घरच्या दोन मुली बिनलग्नाच्या घरातच पिकल्या. बाकी सगळ्या भीती मी स्वतः तयार करतो, ही एक मात्र खरी होती.

म्हणून मी घरचा तांब्या भरून न्यायचो आणि देवळातल्या पाण्याला हात लावायचो नाही.

पाद्र्यानं मला विलायतेहून आणलेलं एक तळहाताएवढं रंगीत चित्र दिलं आणि भिंतीवर ताणलेल्या मोठ्या कापडावर तेच काढायला सांगितलं. चित्र साधं दिसत होतं. मधे त्यांचा देव वाटेनं चाललेला. उजवीकडं खडक, त्यातून झरा. डावीकडं एक वाळकं झाड. वाटेकडेला काटेरी झुडूप. मागं डोंगर, डोंगरावर काळा ढग आणि ढगाखाली उजेडाची एक चिरी. मी मनात म्हटलं, आठ दिवसांचं काम आहे.

पहिल्या दिवशी मी काट्याच्या झुडपाला हात घातला. पाद्री मागं येऊन उभा राहिला.

"हे कंटक कशासाठी आहेत, ठाऊक आहे?"

"वाटेवर असतात, साहेब. आमच्याकडं पण असतात."

"हे मनुष्याचे पाप आहे," पाद्री म्हणाला. "आणि ह्याच कंटकांचा मुकुट पुढे प्रभूच्या मस्तकावर ठेवला गेला."

माझा कुंचला थांबला. मग त्यानं एकेक करून सगळं दाखवलं. खडक म्हणजे श्रद्धा. झरा म्हणजे जीवन, तो पिणाऱ्याला पुन्हा तहान लागत नाही. वाट अरुंद आहे ती मुद्दाम, रुंद वाट नरकाला जाते. काळा ढग म्हणजे येणारं मरण आणि खालची उजेडाची चिरी म्हणजे त्या मरणातून उठणं. चित्रात एकही गोष्ट रिकामी उभी नव्हती. गवताच्या पात्यालासुद्धा काम दिलेलं होतं.

मी कुंचला खाली ठेवला. झाडाला जात नसते म्हणून मी इथं आलो होतो, आणि इथं तर देवापेक्षा जास्त धर्म झाडा-दगडांतच भरला होता. मडम काढणार होती ते नुसतं एक माणसाचं तोंड. पाद्र्याचा सगळा उपदेश मी माझ्या हातानं काढत होतो. खरं म्हणजे हे मला आधीच कळायला हवं होतं. बेल शंकराचा, तुळस विष्णूची, उंबर दत्ताचा, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण दुसऱ्याच्या झाडातही देव असेल हे कुणाच्या मनात येतं?

काम टाकून पळावं असं रोज वाटे. पण पाद्र्याला नाही म्हणायची भीती वेगळी होती आणि ती जवळ उभी असायची.

डोंगर मी आमचाच काढला. देवळाच्या दारातून दिसतो तो घाट, माथा सपाट कापल्यासारखा, कड्यांवर काळ्या रेघा. पाद्री म्हणाला, हा तर इथला डोंगर आहे. मी म्हटलं, साहेब, दुसरा मी पाहिलाय कुठं? तो हसला आणि राहू दे म्हणाला.

मडम रोज दुपारी येऊन आपलं काम करी. अबोल बाई. तिला मराठी दोन-चार शब्दांपलीकडं येत नव्हतं. देवळामागं एक लहान कबर होती, हात-दीड हात लांबीची. मी त्या बाजूला फिरकत नसे, त्या अंगाची खिडकीही लोटून घेत असे. एक दिवस पाहिलं तर मडमनं कापडाच्या खालच्या कोपऱ्यात, नुसत्या मातीतून आलेलं एक पांढरं-जांभळट फूल काढलं होतं. विलायती चित्रात ते नव्हतं. मी ओळखलं, तो भुईचाफा होता. आमच्याकडं चैत्र-वैशाखात जमीन ठणठणीत कोरडी असताना तो पानाशिवाय वर येतो. पाद्र्यानं सगळ्या गोष्टींचा अर्थ सांगितला, या फुलाचा कधी सांगितला नाही.

शेवटी वाळकं झाड राहिलं. मी विचारलं, कसलं झाड?

"अंजीर."

अंजिराचं झाड मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. सुकी अंजिरं तेवढी वाण्याकडं पाहिली होती, ती दोरीत ओवलेली. तसं मी सांगितलं. पाद्र्यानं जरा विचार केला आणि आपल्या मराठीवर खूश होऊन म्हणाला, "तुमचा उंबर असतो ना, त्याचाच हा बंधू. तसेच काढ. परंतु वाळलेले. पान नको, फळ नको." मग त्यानं गोष्ट सांगितली. देवाला भूक लागली होती, झाडावर नुसती पानं, फळ एकही नाही. देवानं शाप दिला आणि झाड मुळापासून वाळलं.

"अंजिराचा हंगाम होता का, साहेब?"

"नव्हता," पाद्री म्हणाला.

"मग झाडाचा काय दोष?"

पाद्र्यानं कापडावरच्या रिकाम्या जागेकडं बोट केलं. मग म्हणाला, "तू काढ."

आणि मी काढला. माझी एक खोड अशी, की पाहिल्याशिवाय हाताला काही येत नाही, आणि दुसरी अशी, की हातात कुंचला असेपर्यंत मी वाघ असतो, भीती वाटते ती खाली ठेवल्यावर. आमच्या गावच्या विहिरीवर एक उंबर आहे. त्याची डावी फांदी कोपरात मोडल्यासारखी वाकलेली, खोडाला बैलाच्या वशिंडाएवढी गाठ, पाराचा एक दगड निखळलेला. मी डोळे मिटून तोच आठवला आणि तोच काढला. राखेसारखा रंग दिला. साल सुटलेली दाखवली. फांद्या उघड्या काढल्या. झाड इतकं मेलेलं दिसत होतं की मी स्वतःवरच खूश झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन दिवसांनी देवळाची कौलं सारखी करायला रेल्वेतले खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे गडी, आले. त्यात एक आमच्या गावचा. तो शिडीवरून उतरला, चित्राकडं पाहून मुंडासं मागं सारत म्हणाला, "आयला, ह्यो तर आपल्या इहिरीवरला उंबर!" मग जवळ आला. त्याचं तोंड बदललं. "वाळवलास की रं त्याला!"

काढलास म्हणाला असता तर चाललं असतं. तो म्हणाला, वाळवलास.

मी घरी पोचायच्या आधी ते गावात पोचलं होतं. विहिरीवर बायका गप्प झाल्या. आणि वर पाहिलं तर उंबराची पानं गळत होती. फाल्गुनात उंबर दरसाल पानं टाकतो. माझ्या चाळीस वर्षांत टाकली नाहीत असं एक साल नसेल. हे मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, विहिरीतल्या बेडकांनाही माहीत असेल. पण त्या साली ती गळताना पाहून मी पाराला हात लावून नमस्कार केला. वाटलं, दत्ताच्या झाडाला मी दुसऱ्या देवाचा शाप आणून लावला.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराची फांदी आणतात आणि ती मांडवात रोवतात. तिच्या साक्षीनं लग्न लागतं. गावची सगळी लग्नं त्या विहिरीवरच्या उंबराच्या फांदीवर लागलेली. माझंही. आता लोक म्हणू लागले, शापलेल्या झाडाची फांदी मांडवात आली तर त्या पोरीच्या संसाराला फळ कसं धरायचं? मुलगी शेण-गोठा करीत सगळं ऐकत होती. तिनं मला दोष दिला नाही. एकदा नुसतं म्हणाली, "बाबा, पालवी कदी फुटंल वो?" त्या प्रश्नानं मी जेवढा भ्यालो तेवढा वाघालाही भ्यालो नसतो.

मी सकाळ-संध्याकाळ जाऊन फांद्या न्याहाळू लागलो. पालवी नाही. आणि कुंभिवलीहून निरोप आला, सोमवारी येतो, उंबर बघायचा हाय.

त्याच्या आधीचा रविवार पाद्र्याचा मोठा सण होता, त्यांचा देव मेलेला उठला तो दिवस. शनिवारी सकाळी मी रंग घेऊन कर्जतला गेलो. पाद्री बाहेर होता, मडम एकटीच फुलं मांडत होती. मी काही न बोलता शिडी लावली आणि झाडावर चढलो, म्हणजे चित्रातल्या. आधी शेंड्याला पोपटी पालवी काढली. मग खाली गडद पानं. मग खोडाला चिकटून घोसाघोसानं उंबरं काढली, कच्ची हिरवी, पिकली तांबडी. पाद्र्याच्या देवानं शाप दिलेलं झाड मी भरगच्च केलं. माझ्याखाली शिडी सारखी वाजत होती. त्या दिवशी कुंचला हातात असूनही मी वाघ नव्हतो.

मडम शिडीखाली येऊन उभी राहिली. "हिरवा?" ती म्हणाली.

माझ्याजवळ तिला सांगायला भाषा नव्हती. मी म्हटलं, "मुलगी," आणि हातानं उंची दाखवली. घाबरल्यामुळं हात खाली राहिला असावा. माझी मुलगी खांद्याला लागत होती, मी दाखवली ती कमरेच्याही खाली.

मडमनं त्या हाताकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी शिडी धरली आणि माझं काम संपेपर्यंत सोडली नाही.

सोमवारी व्याही आले, चार माणसं घेऊन. आमच्या गावचे पंच ओसरीवर बसले. पानाचं तबक फिरलं, पण कुणी पान उचललं नाही. व्याह्यांनी घसा खाकरला तेवढ्यात अंगणात तट्टू येऊन थांबलं. पाद्री! मागं कुणी नाही, हातात काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. माझी पाचावर धारण बसली. बायको दारातून आत सरली.

पाद्र्याचं तोंड उजळलेलं होतं. बसलेल्या माणसांकडं त्याचं लक्षच नव्हतं.

"चिताऱ्या, काल सर्वांनी पाहिले. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी वाळलेले झाड जिवंत झाले! मी तर तुला हे सांगितले नव्हते. मीच मूर्ख, मी केवळ शाप सांगितला, तू कृपा दाखवलीस. तुझ्या अंतःकरणात हे कोणी घातले? ह्या मंडळींसमोर सांग."

ओसरीवरचे सगळे माझ्याकडं वळले. आता मी त्याच्या देवानं घातलं म्हणालो तर बाटलो. नाही म्हणालो तर साहेबाच्या देवळातलं चित्र बिघडवल्याचा गुन्हा कबूल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खोटं बोलायलाही थोडं धैर्य लागतं. माझ्याजवळ तेवढंही नव्हतं, म्हणून मी खरं बोललो.

"पोरीचं लगीन हाय, साहेब," मी म्हटलं. "तुमी अंजीर म्हनला, मी उंबर काढला. त्याच झाडाची फांदी माज्या पोरीच्या मांडवात येनार. मी माज्या हातानं त्याला वाळवला. मग मी भ्यालो. म्हनून पानं लावली. दुसरं काय बी नाय. तुमचा देव मला कळला नाय, साहेब. माजी पोर तेवडी कळती."

आणि मी सगळ्यांसमोर रडलो. बापया माणसानं रडू नये म्हणतात. मी भ्यालेला बाप होतो.

पाद्री तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडावरचा उजेड हळूहळू गेला, पण राग आला नाही. त्यानं पुस्तक डगल्याच्या खिशात घातलं.

"त्या चित्राच्या कोपऱ्यात एक फूल आहे," तो म्हणाला. या वेळी त्याचं मराठी पोथीतलं वाटलं नाही. "मूळ चित्रात नाही. ते कशाला काढलं, हे मी घरात विचारलेलं नाही. तुझ्या झाडाबद्दलही मी विचारायला नको होतं."

तो तट्टावर बसला. जाताना म्हणाला, "झाड तसेच राहील."

तो दिसेनासा झाल्यावर व्याही पंचांना म्हणाले, "मानूस बाटला नाय. भ्यालेला हाय नुसता. पन झाडाचं काय?"

सगळे विहिरीवर गेलो. उंबर उघडाबोडका उभा होता, मी काढला होता तसा, गाठीसकट. व्याह्यांनी कमरेचा कोयता काढला. उंबर जिवंत असेल तर चीक येतो, मेलेल्याला येत नाही, एवढं आमच्या भागात कुणालाही सांगावं लागत नाही. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि वाकड्या फांदीवर कोयत्याचं टोक ओढलं.

काही आलं नाही.

साल खडखडीत कोरडी. मागं कुणीतरी "दत्ता, दत्ता" म्हणालं. मुलगी परसातून आली होती, पाराच्या निखळलेल्या दगडावर हात टेकून उभी होती, आणि तिच्याकडं बघायची माझी छाती नव्हती. व्याह्यांनी मात्र कपाळाला आठी घालून वर हात केला, कोवळ्या डहाळीपाशी पुन्हा एकदा टोक टेकवलं आणि दाबलं. पांढरा थेंब आला. फुगला, ओघळला, त्याच्या मागून दुसरा. व्याह्यांनी तो बोटावर घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"चीक हाय. म्हंजे लगीन बी हाय. पुसा डोळं आता, व्याही."

लग्न वैशाखात झालं. फांदी त्याच झाडाची आणली, तोवर तिच्यावर पालवी आली होती.

पाद्री आणि मडम पुढं काही वर्षांनी विलायतेला गेले. कबर इथंच राहिली. वैशाखात कर्जतला गेलो तर मी आता देवळामागं जाऊन बघतो, भुईचाफा आला का म्हणून. भीती वाटते अजून, पण जातो.

आणि फाल्गुनात उंबर पानं टाकू लागला की मी विहिरीवर जातो. कुंभिवलीहून जावयाचं कार्ड आलेलं असतं, सगळी खुशाल आहेत म्हणून. ते माझ्या खिशात असतं, दोनदा वाचलेलं. मुलगी आता स्वतः सासू झाली. तरी मी इकडं तिकडं बघतो, कुणी नाही असं पाहून कोवळ्या डहाळीला नखानं ओरखडा काढतो, आणि पांढरा थेंब दिसेपर्यंत श्वास सोडत नाही.